घरच्या घरी झेब्राफिशची अंडी मिळवा आणि पाच दिवसांत मेंदू बनताना बघा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा चपळ झेब्रा डॅनिओ मिळतो ना, मेंदूवर काम करणाऱ्या लॅबमध्ये तोच असतो, तिथे त्याला झेब्राफिश म्हणतात. मोठा झाल्यावर तो आरपार दिसत नाही, पण अंडं आणि पहिल्या काही दिवसांचं पिल्लू अगदी काचेसारखं असतं. आयुष्यभर पारदर्शक राहणारा मासा वेगळा, म्यानमारचा डॅनिओनेला सेरेब्रम, जेमतेम 12 मिलिमीटरचा, डोक्याला वरून कवटीचं हाडच नाही, 2021 मध्ये त्याला हे नाव मिळालं. तो इथल्या दुकानात मी अजून पाहिला नाही, म्हणून आपण झेब्राच घेऊ.

ठाण्यात राहण्याचा एक मोठा फायदा आहे. लॅबमध्ये अंडी 28.5 अंशाला ठेवतात, त्यासाठी वेगळी मशीन असते, आणि आमच्या घोडबंदर रोडच्या घरात ऑक्टोबरमध्ये पाण्यात थर्मामीटर टाकला की आपोआप 28-29 येतं. मे महिन्यात करू नका, पाणी फार तापतं, आणि डिसेंबर-जानेवारीत अंडी हळू वाढतात, खाली दिलेले तास मग जुळत नाहीत.

तीन-चार नर आणि दोन माद्या घ्या. मादीचं पोट गोल आणि रंग रुपेरी, नर सडपातळ, अंगावर सोनेरी झाक. आठवडाभर दिवसातून दोनदा चांगलं खायला द्या, आर्टेमिया (माशांना खाऊ घालतात ते झिंग्यासारखे बारीक जीव) मिळालं तर उत्तम. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, त्यामुळे बादलीत 24 तास उघडं ठेवलेलंच पाणी वापरायचं, घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात.

आता मुख्य गोष्ट, हे मासे स्वतःचीच अंडी खातात. पहिल्या वेळी मी साध्या टबमध्ये सोडले आणि सकाळी एकही अंडं मिळालं नाही, फार वाईट वाटलं. म्हणून टबमध्ये भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीची टोपली बसवा, भोकं एवढी की 1 मिलिमीटरच्या आसपासचं अंडं खाली पडेल पण मासा जाणार नाही. संध्याकाळी टोपलीत एक मादी आणि दोन नर सोडा, मादी एका बाजूला आणि नर दुसऱ्या बाजूला राहतील असा मध्ये पारदर्शक फाइलच्या प्लास्टिकचा पडदा लावा, वरून जाड टॉवेल टाका आणि रात्रभर पूर्ण अंधार ठेवा, हॉलचा ट्यूबलाइट किंवा टीव्हीचा उजेडसुद्धा नको. सकाळी उजेड झाला की टॉवेल आणि पडदा दोन्ही काढा. नर मादीच्या मागे लागतात आणि अंडी तळाला पडायला लागतात. एका मादीची शंभरच्या वर मिळू शकतात.

तासाभरात मासे काढा, अंडी चहाच्या गाळणीत धुऊन काचेच्या वाटीत घ्या, एका वाटीत पन्नासच्या वर नको. मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचा अगदी थोडा अंश टाका, पाणी जेमतेम निळसर दिसेल इतकाच, म्हणजे बुरशी धरत नाही. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने उचलून टाका, नाहीतर बाकीचीही जातात.

बघायला घड्याळजी वापरतात ते 10 पट भिंग पुरतं, किंवा मोबाइलची मॅक्रो लेन्स. लवकर बघायला बसा, कारण पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात आणि मग साधारण दर 15 मिनिटांनी दुप्पट. दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यात गुंडाळलेलं पिल्लू शेपटी झटकताना दिसेल, 24 तासांच्या आसपास हृदय धडधडतं, डोळे दिसतात, आणि डोळ्यांमागे डोक्यातले फुगवटे दिसतात, तोच बनत असलेला मेंदू. मी पहिल्यांदा ती धडधड बघितली तेव्हा भिंगावरून डोळा काढवेना. 48 ते 72 तासांत पिल्लं बाहेर येतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी पोहायला लागली की वाटीच्या काठावर हलकी टिचकी मारा. पिल्लू इंग्रजी सी सारखं वाकून झटक्यात पळतं. मेंदूच्या मागच्या भागात माउथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, ज्या बाजूची पेशी पेटते त्याच्या उलट बाजूला शरीर वळतं. दर सेकंदाला टिचकी मारत राहा, थोड्या वेळाने पिल्लं दाद द्यायची बंद होतात, म्हणजे ह्यात धोका नाही हे ती शिकली. मग मोबाइलवर काळे-पांढरे पट्टे हळू सरकणारा व्हिडिओ लावून सपाट तळाची काचेची वाटी त्यावर ठेवा, पट्टे जातात तिकडे पिल्लं पोहतात. अशा पिल्लात साधारण एक लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या संदेश देणाऱ्या पेशी, असतात, आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या जनेलिया संस्थेत जिवंत पिल्लाच्या मेंदूतले बहुतेक न्यूरॉन एकाच वेळी काम करताना टिपले होते.

पाचव्या दिवसापर्यंत पोटातल्या बलकावर भागतं, पुढे पेंढा भिजवून ठेवलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव द्या, किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून अगदी चिमटीभर, आणि उरलेलं खाणं काढून पाणी रोज बदला. वाढवायची नसतील तर तलावपाळी किंवा उपवनसारख्या तलावात अजिबात सोडू नका, दुकानदाराला विचारा, किंवा टाकी असलेल्या मित्राला द्या.