तळव्यांवरच्या पुळ्या: रात्रीची निगा

माझ्या तळहात-तळपायांवर पिवळट पुळ्या येतात, सुकून तपकिरी होतात, मग कातडी सोलते. नाव पाल्मोप्लांटर पस्ट्युलोसिस. आत पू दिसतो, पण जंतू नसतात. लागण होत नाही. (सासूबाईंनी तरी माझा तांब्या वेगळा ठेवलाच!)

पुळी सुईने फोडू नका. रात्री कोमट पाण्यात 10 मिनिटं पाय बुडवा, टिपून घ्या, ओलसर असतानाच व्हॅसलीन जाड थापा, वर सुती मोजे. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. मोज्याखाली लावायचं का तेही विचारा, कारण झाकल्यावर त्याचा जोर वाढतो. भांडी घासताना रबरी हातमोज्यांच्या आत सुती घाला. सिगारेट ओढत असाल तर सोडा, या आजाराशी तिचं घट्ट नातं आहे. भाकऱ्या सध्या मुलगा थापतो. नकाशे होतात.