अमेरिकेत रेड फ्लॅग ऑर्डर मागायची कशी

घरातला कुणी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलतोय किंवा बायकोला मारून टाकायच्या धमक्या देतोय आणि त्याच्याकडे बंदूक आहे, तर काय करायचं? अशा माणसाने काही काळ बंदूक जवळ ठेवायची नाही असा कोर्टाचा हुकूम मिळतो, त्यालाच रेड फ्लॅग ऑर्डर म्हणतात. धोका आत्ताच्या आत्ता असेल तर सरळ ९११ लावा, बाकीचं नंतर. आत्महत्येचं बोलत असेल तर त्यासाठीची ९८८ हेल्पलाइन पण आहे. बातम्यांत मॉलमधला गोळीबार दिसतो, पण तिकडे बंदुकीने जीव जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्याच असतात.

थोडा वेळ हातात असेल तर आधी आपल्या राज्याचा कायदा बघा, कारण हे सगळं राज्यावर आहे. कनेक्टिकटने १९९९ ला सुरुवात केली, आता वीसहून जास्त राज्यांत आहे, टेक्ससमध्ये नाही, त्यामुळे तिथल्या डॅलसच्या मावशीचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कामाचा नाही.

मग अर्ज कोणी करायचा ते बघा. फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ ला कायदा आला पण अर्ज फक्त पोलिसच करू शकतात, म्हणजे तुम्ही पोलिसांनाच गाठायचं. न्यू जर्सीत घरचे लोक स्वतः करू शकतात. कॅलिफोर्नियात घरच्यांसोबत काही अटींवर शिक्षक, एम्प्लॉयर, ऑफिसातले सहकारी पण चालतात आणि फी लागत नाही.

खरी मेहनत अर्जात आहे. "तो फार तापट आहे" एवढ्याने जजला काही कळत नाही, कुठल्या तारखेला काय बोलला, कोणासमोर बोलला, बंदुका किती आणि कुठे ठेवल्यात हे लिहा, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा. वाढवून चढवून अजिबात लिहू नका, कॅलिफोर्नियात खोटा अर्ज हा गुन्हा आहे.

जजला पटलं तर समोरच्याचं न ऐकताच तात्पुरती ऑर्डर निघते, कॅलिफोर्नियात साधारण २१ दिवसांची, मग सुनावणी होते, तिथे तोही आपली बाजू मांडतो आणि त्यानंतर १ ते ५ वर्षांची ऑर्डर मिळू शकते. तेवढे दिवस बंदूक जवळ ठेवायची नाही, नवीन घ्यायची नाही. लोक काय म्हणतील, पोराचं रेकॉर्ड खराब होईल म्हणून आपली माणसं इथेच थांबतात, पण ऑर्डर दिवाणी असते, ती निघाली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, ती मोडली तर मात्र केस होते.

आईबाबांना साक्ष द्यायची असेल आणि इंग्लिश जमत नसेल तर मराठी दुभाषा हवा हे अर्ज देतानाच कोर्टाच्या क्लार्कला सांगा, सुनावणीच्या दिवशी सांगितलं तर तारीख पुढे जायची.