जेल अधीक्षक व्हायचंय? आधी मोजायला शिका

जेलचा साहेब म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मिशा, दंडुका आणि चढा आवाज येतो. खरं सांगू का, निम्मा दिवस रजिस्टरात जातो आणि उरलेला माणसांशी बोलण्यात, तेव्हा भांडायची हौस म्हणून या लाइनमध्ये येणार असाल तर येऊच नका.

शिक्षणाचं म्हणाल तर डिग्री घेऊन ठेवा. क्रिमिनॉलॉजी, सोशल वर्क, सायकॉलॉजी, लॉ, पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, यातलं काहीही पुढे कामाला येतं. वर जायचे रस्ते साधारण दोन, एक तर गार्ड म्हणून लागायचं आणि प्रमोशन घेत चढायचं, नाहीतर परीक्षा देऊन थेट ऑफिसर. थेट आलात तर मात्र पहिले काही महिने बराकीत स्टाफसोबत काढा, नाइट ड्युटीसुद्धा करा, कारण ज्यानं कधी रात्री कैद्यांची गिनती घेतली नाही त्याचं जुने हवालदार मनातून ऐकत नाहीत (तोंडावर "हो साहेब" म्हणतात ते वेगळं).

गिनती हा या नोकरीचा श्वास आहे. एक आकडा जुळला नाही की सगळं थांबतं, कोण कोर्टात, कोण दवाखान्यात, कोण मुलाकातीला, सगळं शोधून आकडा जुळेपर्यंत कुणी हलत नाही. तसंच सुटकेच्या तारखेचं. एखाद्याला एक दिवस जरी जास्त ठेवला तरी ती बेकायदा कोठडी होते आणि जबाब तुम्हाला द्यावा लागतो. म्हणून वॉरंट, म्हणजे कैद्याला आत ठेवायचा कोर्टाचा लेखी आदेश, नीट वाचायची सवय लावा, वॉरंटशिवाय कुणाला आत घ्यायचंच नाही, आणि कच्चे कैदी शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवा.

एक गोष्ट इंटरव्ह्यूच्या आधी नक्की वाचा, कैद्यांना कसं वागवायचं याचे युनोचे नेल्सन मंडेला रूल्स. मूळ नियम १९५५ चे, २०१५ मध्ये नव्याने केले, एकूण १२२ आहेत, आणि २७ वर्षं आत काढलेल्या माणसाचं नाव उगीच दिलेलं नाही. दिवसाचे २२ तास किंवा जास्त वेळ कुणाशी धड बोलणं-भेटणं न होता कैद्याला ठेवलं तर ते एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. डॉक्टरचा वैद्यकीय निर्णय अधीक्षकाला फिरवता येत नाही, हे तर बऱ्याच साहेबांना पचत नाही. महिला विभागात पुरुष कर्मचारी एकटा जाऊ शकत नाही. महिला कैद्यांसाठी युनोचेच २०१० चे बँकॉक रूल्स पण आहेत, तेही बघून घ्या.

आता सिक्युरिटी. भिंत, कॅमेरा, झडती हे सगळं लागतंच, पण दंगा होणार हे आधी कळतं ते रोज राउंडला जाऊन बोलणाऱ्या गार्डला. जेवण परत यायला लागलं, नेहमी बडबडणारा गप्प झाला, बराकीत अचानक शांतता पसरली, की समजायचं काहीतरी शिजतंय. याला डायनॅमिक सिक्युरिटी म्हणतात. पण ओळख ठेवणं वेगळं आणि दोस्ती वेगळी, आज एक निरोप बाहेर पोचवलात की उद्या मोबाइल आत आणून द्या म्हणतील आणि तेव्हा नाही म्हणायला तोंड राहणार नाही.

आणि घरी आधीच बोलून घ्या बरं का, मंडेला रूल्सप्रमाणे जेलप्रमुखानं जेलच्या आवारात किंवा अगदी लागूनच राहायचं असतं, पार्टटाइम चालत नाही, त्यामुळे रात्री अडीचला फोन आला तर तुम्हीच उठून जायचं.