बंदूक खरेदीची कागदपत्रे: परवाना मिळाला म्हणून पावती टाकून देऊ नका, या चुका टाळा

परवानाधारकाच्या घरी बंदुकीचा परवाना सहसा नीट जपलेला असतो. नूतनीकरणाची तारीख लक्षात असते आणि पोलीस ठाण्यातून बोलावणे आले की तो परवाना घेऊन माणूस हजर होतो. परंतु ही बंदूक कोणाकडून घेतली, केव्हा घेतली आणि त्याची पावती कुठे आहे असे विचारले, की बहुतेक घरांत कपाटे उपसली जातात. खरेदी होऊन शस्त्राची नोंद परवान्यावर झाली की पावतीचे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो आणि पुढच्या बहुतेक अडचणी या समजातूनच निर्माण होतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. तुम्हाला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे, हे परवान्यावरून सिद्ध होते. तुमच्या हातातील हीच ती बंदूक आहे आणि ती तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आली आहे, हे मात्र खरेदीच्या कागदावरूनच सर्वांत स्पष्टपणे सांगता येते. परवान्यावरील नोंद हाताने उतरवलेली असते, पुढे ती संगणकात भरली जाते, नवी पुस्तिका मिळाली की पुन्हा एकदा उतरवली जाते आणि या प्रत्येक टप्प्यावर चूक होण्याची शक्यता असते. विक्रेत्याने बंदूक समोर ठेवून लिहिलेल्या पावतीचे मोल म्हणूनच मोठे आहे.

एका आकड्यामुळे होणारा खोळंबा

आमच्या घरी वडिलांच्या नावावर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतील रुंदीचे माप) दुनळी बंदूक होती. पुस्तिकेची पाने संपली म्हणून नवी पुस्तिका मिळाली, तेव्हा क्रमांकातील ३ हा आकडा ८ असा उतरवला गेला आणि पुढची दोन नूतनीकरणे ती चूक कोणाच्या लक्षात न येता पार पडली. तिसऱ्या वेळी पडताळणीला आलेल्या हवालदारांनी नळीवरचा क्रमांक वाचला आणि परवान्यावरील बंदूक ही नव्हेच, असा प्रश्न उभा राहिला. जुनी पुस्तिका कार्यालयात जमा झालेली होती. अखेर आईच्या ट्रंकेत सापडलेल्या, घड्यांवर विरलेल्या पावतीवर विक्रेत्याच्या हातचा मूळ क्रमांक स्पष्ट वाचता आला आणि दुरुस्तीचा अर्ज मान्य झाला. ती पावती मिळाली नसती तर वडिलांना किती हेलपाटे घालावे लागले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो, कारण विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. नुसत्या लेखनचुकीसाठी कोणी तुरुंगात जाईल असे मी म्हणत नाही. परंतु ती लेखनचूकच आहे हे दाखवण्याची जबाबदारी शेवटी परवानाधारकावर येते.

म्हणून दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी पावती शब्दशः वाचावी. तिच्यावर विक्रेत्याचे नाव व त्याचा परवाना क्रमांक, तुमचे नाव व परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार, बोअर, उत्पादक, शस्त्रावर कोरलेला क्रमांक आणि तारीख या सर्व बाबी असाव्यात. दुनळी बंदुकीत नळीवर आणि मधल्या भागावर क्रमांक वेगवेगळे असतील तर दोन्ही लिहून घ्यावेत. परवान्यावर नोंद करून घेताना पावती आणि परवाना शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवावे आणि चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज करावा. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशात परवानाधारकाला मिळालेला विशिष्ट ओळख क्रमांक, ज्याला सर्वजण यूआयएन म्हणतात, त्याच्या नोंदीतील तपशीलही एकदा असाच तपासावा. जुन्या परवान्यांची माहिती संगणकात भरली जात असताना पुष्कळ चुका तेव्हा झालेल्या असू शकतात.

नवी पुस्तिका घेताना जुनी जमा करावी लागते. जमा करण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढावी, कोरी दिसणारी पानेही वगळू नयेत, कारण शिक्के अनेकदा मागच्या बाजूला असतात.

जुन्या आणि परदेशी बनावटीच्या बंदुका

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे इंग्रजी, बेल्जियन किंवा अमेरिकी बनावटीच्या ज्या बंदुका आज महाराष्ट्रात परवान्यावर आहेत, त्या बहुतेक त्यापूर्वी देशात आलेल्या आणि त्यानंतर हातोहात फिरलेल्या आहेत. अशा शस्त्राची किंमत तर कागदांवर ठरतेच, पण ते देशात कायदेशीरपणे आले होते का, या प्रश्नाचे उत्तरही त्याच कागदांत असते. तुमच्याकडे केवळ तुमच्या खरेदीची पावती असेल, तर आधीच्या मालकाच्या परवान्याची आणि खरेदीची प्रतही मिळते का ते पाहावे. विक्रीच्या वेळी समोरचा माणूस ती सहज देतो. दहा वर्षांनी त्याचा पत्ताही सापडत नाही.

भारतीय बनावटीच्या शस्त्रांबाबत एक छोटी गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यामुळे जुन्या पावतीवरील उत्पादकाचे नाव आणि आजच्या कागदांवरील नाव वेगळे दिसू शकते. एवढ्यावरून पावती चुकीची ठरत नाही आणि ती बदलून घेण्याच्या खटपटीतही पडू नये.

खासगी व्यवहार ओळखीवर उरकणे

स्वतःच्या वापरासाठी परवान्यावर असलेले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते. मात्र कलम ५ प्रमाणे त्याची लेखी सूचना जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला द्यावी लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. अनेकजण सूचना देतात, पण आपल्याजवळच्या प्रतीवर आवक शिक्का घेत नाहीत. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेली प्रत पुढे काहीही सिद्ध करू शकत नाही.

विकणाऱ्याची चूक याहून मोठी असते. बंदूक गेली, परवान्यावरील नोंद कमी झाली, आता कागद कशाला, असे म्हणून तो सर्व गठ्ठा नव्या मालकाच्या हाती देतो. ते शस्त्र पुढे एखाद्या गुन्ह्यात सापडले तर पोलीस मालकीची साखळी मागे मागे शोधत येतात आणि त्या साखळीत तुमचे नाव असतेच. अमुक तारखेला अमुक परवानाधारकाला रीतसर विकले, हे दाखवणारा कागद त्या वेळी तुमच्याच हातात असायला हवा. शस्त्र घरात आहे तोपर्यंत पावती ठेवावी, असे सांगणारे अर्धेच सांगतात. शस्त्र गेल्यानंतरही ती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमा पावतीला खरेदीच्या पावतीहून कमी लेखणे

निवडणूक आली की परवान्यावरील शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सर्वांकडून शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, ही पद्धत न्यायालयीन निर्णयांमुळे आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांमुळे रुळली आहे. तरीही ज्यांना जमा करावे लागते त्यांनी पोलीस ठाण्यातून केवळ ‘एक बंदूक जमा’ एवढे लिहिलेला कागद घेऊन परत येऊ नये. क्रमांक, बोअर, सोबत दिलेली काडतुसे आणि शस्त्राची अवस्था या सर्व गोष्टी त्यावर असाव्यात. दस्त्याला आधीची भेग असेल तर तीही लिहून घ्यावी. परत घेताना ही पावती ठाण्यात जाते, म्हणून तिची प्रत आधीच काढून ठेवावी.

२०१९ ची दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली. ज्यांनी तेव्हा तिसरे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा केले, त्यांनी ती जमा पावती आणि त्या शस्त्राची मूळ खरेदी पावती एकत्र जपून ठेवावी. कलम २१ खाली जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत परत घेतले नाही किंवा त्याची विल्हेवाट लावली नाही तर ते सरकारजमा होऊ शकते, आणि ही मुदत मोजताना जमा केल्याची तारीख महत्त्वाची असते. परवाना संपल्यामुळे शस्त्र जमा करणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे.

पावतीच नसलेली ठासणीची बंदूक

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागांत माकडे, वानरे आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका आहेत. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. (बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे, त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ वेगळा आहे.) यांपैकी कित्येक बंदुका स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या, कोणत्याही पावतीविना हाती आलेल्या असतात. त्यांचे मालक मला विचारतात की पावती कुठून आणायची.

सर्वप्रथम, ओळखीच्या विक्रेत्याकडून मागील तारखेची पावती करून घेऊ नये. हा बनावट दस्तऐवज ठरतो आणि तो विक्रेत्याच्या नोंदवहीशी जुळत नाही, म्हणून तो उघडही पडतो. दुसरे, पुसट झालेला क्रमांक स्वतः कोरून ठळक करू नये आणि क्रमांक नसलेल्या नळीवर लोहाराकडून नवा पाडून घेऊ नये. ओळखचिन्हे खोडणे, बदलणे किंवा बनावट करणे यास कलम ८ ने मनाई आहे, आणि चिन्हात फेरफार केलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडते त्यानेच तो केला, असे गृहीत धरले जाते. हेतू चांगला होता हे नंतर सांगून उपयोग होत नाही.

त्याऐवजी उपलब्ध कागदांची साखळी जुळवावी. सर्वांत जुनी परवाना पुस्तिका, वारसाच्या नावे परवाना झाल्याचा आदेश, नूतनीकरणाच्या शुल्काची चलने आणि पूर्वीच्या जमा पावत्या यांत बंदुकीचे वर्णन कुठे ना कुठे असते. त्या आधारे परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, अभिलेखातील नोंदीच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. ती प्रत मिळाली की पावतीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. दुकानातून घेतलेल्या बंदुकीची पावती हरवली असेल तर आधी त्या विक्रेत्याकडे जावे. त्याला विक्रीच्या नोंदवह्या ठेवाव्याच लागतात आणि त्यांतील उतारा तो देऊ शकतो. दुकान कायमचे बंद होण्यापूर्वी हे करावे.

वारसांना काहीच न सांगणे

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. त्याचप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसालाही तो मागता येतो. या दुसऱ्या मार्गाकडे फारच थोडे लोक वळतात. २५ वर्षे झाली हे दाखवायचे तर खरेदीची तारीख लागते आणि ती पावतीवरच असते. वडील हयात असताना हे काम दोन अर्जांत होऊ शकते. ते गेल्यावर मात्र शस्त्र जमा करणे, वारसाची कागदपत्रे, इतर वारसांची ना हरकत आणि पोलीस पडताळणी असा सारा प्रवास दुःखाच्या दिवसांत करावा लागतो.

कागद ठेवावेत कसे

अलीकडच्या छापील पावत्यांची शाई काही वर्षांत उडते, म्हणून घरी आल्याबरोबर तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी आणि रंगीत छायाचित्र घ्यावे. परवान्याला लॅमिनेशन करू नये, कारण पुढच्या नोंदी आणि शिक्के त्यावरच करायचे असतात. बंदूक आणि तिची कागदपत्रे एकाच कपाटात ठेवू नयेत. चोरी झाली तर पोलीस ठाण्यात ताबडतोब क्रमांक सांगावा लागतो आणि तेव्हा कागदही गेलेले असले तर तो सांगता येत नाही. पावतीचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, कारण घरात कोणते शस्त्र आहे आणि घर कुठे आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका चित्रात असतात.

मूळ कागद एका जाड पाकिटात घालून पाकिटावर परवाना क्रमांक, यूआयएन आणि शस्त्राचा क्रमांक लिहावा, आणि ते पाकीट कुठे आहे हे वारस म्हणून नाव दिलेल्या व्यक्तीला आजच दाखवून ठेवावे.