खाडीकाठचं कोळीचित्र: माणसं चिकटवल्यासारखी दिसू नयेत म्हणून

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याजवळ बसून केलेल्या जलरंगांत एक चूक हमखास दिसते. होडी छान, आभाळ छान, माणसं मात्र मागाहून कापून चिकटवल्यासारखी. ही खोड घालवायची तर विल्यम मॅकटॅगर्टची (१८३५–१९१०) चित्रं जवळून पाहा. स्कॉटलंडच्या किंटायर किनाऱ्यावरचा हा चित्रकार आधी तपशीलवार प्रसंगचित्रं काढायचा, पुढे समुद्रकाठी उघड्यावर काम करता करता त्याचा हात मोकळा झाला. त्याचं १८९० सालचं ‘द स्टॉर्म’ पाहताना आधी वादळ दिसतं, माणसं नंतर सापडतात, कारण ती भोवतालच्याच रंगांतून उमटलेली आहेत. आपल्या खाडीला हीच रीत शोभते.

वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचलात तर होड्या चिखलात कलताना मिळतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त मागे जातं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) कमी. मासळी उतरवायच्या वाटेत बसू नका, आणि चेहरे रेखाटण्याआधी विचारा.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), खरबरीत, ११ × १५ इंच. रंग पाच पुरतात: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि लुगड्यांसाठी एक लाल. निळं पाणी रंगवायचा मोह टाळा. खाडीचं पाणी करडं-तपकिरी आहे, त्यात आभाळाचा उजेड तेवढा वर पडतो.

पेन्सिलीने आधी नजरेची रेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा, आखा. माणसं आणि तुम्ही एकाच पातळीवर उभे असाल तर जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात, फक्त पाय वर-खाली होतात. जेटीवरून बघत असाल तर ती डोकी रेषेखाली जातात. हे चुकलं की माणूस हवेत तरंगतो. होडीसाठी आडवा, लांबट इंग्रजी आठ काढा आणि त्यातून काठाचा बाक शोधा.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, चिखलाचा: अंबर, थोडा अल्ट्रामरीन, चिमूटभर ऑकर. माणसांची जागा कोरी सोडून भोवतीने रंगवू नका, वॉश त्यांच्या पोटऱ्यांमधून तसाच जाऊ द्या. कोरा कागद राखायचा तो ओल्या चिखलावरच्या चकाकीसाठी आणि खांद्यावरच्या उन्हासाठी.

आता सगळं कसब एका क्षणाचं. कागदावरची चमक गेली, पण हाताच्या पाठीला गारवा लागतो, तेव्हा पाय लावा. चमक असताना लावलात तर पाय पसरून डबकं होतं, पूर्ण सुकल्यावर लावलात तर कडक कड येते आणि माणूस पुन्हा चिकटवलेला. एप्रिलच्या दुपारी ही वेळ मिनिटा-दोन मिनिटांत निघून जाते. पावसाळी दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो, घाई केलीत की रंगाचे फुलकोबीसारखे कातरलेल्या कडांचे डाग उठतात. चिखलात उभ्या माणसाला पाऊल नसतंच. पोटरी खाली विरत जाते आणि तिथूनच प्रतिबिंब सुरू होतं, म्हणून दोन्ही एकाच कुंचल्याने, न उचलता ओढा.

जाळं सांधणाऱ्याची बैठक निरखून बघण्यासारखी असते. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, तिथून हातातल्या सुईपर्यंतचा भाग ताठ, बाकीचा ढीग मांडीजवळ सैल. हा ताण एका सरळ रेषेत आला की बोटं न काढताही काम ओळखू येतं. जाळ्याची भोकं मोजू नका. सपाट कुंचला जवळजवळ कोरडा करून कागदाच्या खरबरीतपणावरून हलकेच फिरवा. नायलॉनचा फिका हिरवा रंग त्यात आपोआप तुटक उतरतो.

मागच्या इमारती आणि वाशीचा पूल एकाच फिक्या करड्यात, खिडक्यांशिवाय. शेवटी लाल, एकाच लुगड्यावर. दोन ठिकाणी दिलात तर नजर कुठे थांबावी ते ठरत नाही.