सोन्याचा क्लेम घेताय? इसार देण्याआधी हे तपासा, दिला असेल तर आज रात्रीच

पाचशे डॉलरचा इसार देऊन घरी आलो, तर बायकोने चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "अहो, सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन आठवडे ते शोधण्यात गेले.

आम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो, सॅक्रॅमेंटोच्या पूर्वेला. मी मूळचा वाईचा, सोनाराच्या घरातला. आजोबांच्या दुकानातला केर कधी उकिरड्यावर गेला नाही. झारेकरी येऊन तो विकत न्यायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याची कणी काढायचा. ते बघत वाढलेल्या माणसाला डाउनीव्हिलच्या वरच्या ओढ्यावरचा वीस एकरांचा 'गोल्ड क्लेम', म्हणजे सरकारी जमिनीतलं सोनं काढायचा हक्क, साडेनऊ हजार डॉलरला मिळतोय म्हटल्यावर झोप कशी लागणार?

तर पहिली गोष्ट. वीस एकर विकत मिळत नसतात. अमेरिकेत सरकारी जमिनीवरचे क्लेम अजून १८७२ च्या खाणकायद्यावर चालतात. पूर्वी क्लेमवरून जमिनीची मालकी, म्हणजे 'पेटंट', मिळवता यायची. ऑक्टोबर १९९४ पासून नवे अर्ज घेणं बंद आहे. आज जाहिरातीत दिसणारे बहुतेक क्लेम पेटंट नसलेले. जमीन सरकारचीच, तुमचा हक्क फक्त त्यातल्या खनिजावर. वर केबिन बांधून राहायला जाता येत नाही. १९५५ च्या कायद्यानंतर नोंदलेल्या क्लेमवरून लोकांना फिरायला, मासे पकडायलाही सहसा अडवता येत नाही. विक्रेत्याने मला फोटोत तंबू आणि खुर्च्या दाखवल्या होत्या. माझ्या डोक्यात त्याचं फार्महाऊस कधी झालं, कळलंच नाही.

विक्रीचा कागदही नीट वाचा. त्याला 'क्विटक्लेम डीड' म्हणतात. आपलं हक्कसोडपत्रच ते. विक्रेता म्हणतो, माझा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला. असेलच, अशी हमी त्यात नाही.

मग हक्क आहे की नाही, हे तुम्हीच बघायचं. विक्रेत्याकडून क्लेमचा अनुक्रमांक मागा. तो द्यायला खळखळ केली तर तिथेच थांबा. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम), म्हणजे सरकारी जमीन सांभाळणारं खातं, त्याच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून फुकट शोधता येतं. क्लेम चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे, गेल्या वर्षीचं शुल्क भरलंय का, एवढं पाहा. हे शुल्क दर १ सप्टेंबरच्या आत भरावं लागतं. २०२४ पासून वीस एकरांच्या क्लेमला ते वर्षाला २०० डॉलर आहे. दहापर्यंत क्लेम असलेल्या छोट्या माणसाला सूट मिळते, पण ही सूट मागण्याचा अर्ज त्याच तारखेच्या आत हवा आणि क्लेमवर वर्षाला निदान १०० डॉलरचं काम केल्याचं प्रतिज्ञापत्र ३० डिसेंबरच्या आत. एक तारीख चुकली की क्लेम गेला. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी 'घाईने विकणे आहे' अशी जाहिरात दिसली तर आधी कॅलेंडर बघा.

माझ्या क्लेमची नोंद चालू होती. मी खूश. मग काऊंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत, गेलो (सिएरा काऊंटीचं ते ऑफिस डाउनीव्हिललाच आहे), मूळ नोंदणीची नोटीस आणि नकाशा काढला, शेजारच्या क्लेमचाही काढला. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. ओढ्याचं ज्या वळणावर मन बसलं होतं, ते शेजाऱ्याच्या रेषेतही येत होतं आणि शेजाऱ्याची नोटीस माझ्या क्लेमच्या नोटिशीच्या अकरा वर्षं आधीची होती. अशा भांडणात सर्वसाधारणपणे आधी नोंदवणाऱ्याचं पारडं जड. बीएलएम अर्ज दाखल करून घेते, दोन क्लेम एकमेकांवर चढलेत का याचा निवाडा करत नाही. गावाकडे फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली नाही, तसंच हे. हे काम कागदावर करून थांबू नका. कोपऱ्यांचे खांब किंवा दगडांच्या राशी जाग्यावर जाऊन शोधा.

आता दोन छोटे मुद्दे. जाहिरातीत 'सक्शन ड्रेजला (पाण्याखालची माती पंपाने ओढणाऱ्या यंत्राला) उत्तम डोह' असं लिहिलं होतं. कॅलिफोर्नियात २००९ पासून ड्रेजवर बंदी आहे आणि २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आणि माझ्या भाच्याला निम्मा हिस्सा हवा होता. तो एच-वन-बीवर आहे. क्लेम धरायला नागरिक असावं लागतं किंवा नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेला असावा लागतो. बिचारा फावडं विकत घेऊन बसला होता.

नमुना मात्र स्वतःच्या हाताने घ्या, आणि भरपूर घ्या. विक्रेता एका मोठ्या दगडाआड घेऊन गेला, तिथे सोनं धुवायच्या पहिल्याच ताटात तीन ठसठशीत कण निघाले. मी त्याच्यावर आळ घेत नाही, पण विकण्याआधी मातीत सोनं पेरायची कला गोल्ड रशइतकीच जुनी. पुढच्या शनिवार-रविवारी मी एकटा गेलो. पाच जागा स्वतः निवडल्या: वळणाची आतली बाजू, दगडांच्या मागचा भाग, खडकाच्या फटी. खडक लागेपर्यंत खणलं, कारण सोन्याची घनता १९.३, काळ्या लोखंडी वाळूची जेमतेम ५. ते खाली खाली सरकत तळाला बसतं. वरच्या वाळूत चमकतो तो अभ्रक. ताटावर सावली धरा, अभ्रक विझतो, सोनं पिवळंच राहतं. काठाला गोट्यांचे रचलेले ढीग दिसले तर समजा, तुमच्या आधी कुणीतरी इथली माती धुऊन गेलंय. माझ्या ओढ्यावर असे चार ढीग होते.

वीस बादल्या धुतल्या. पाच गॅलनच्या चाळीस बादल्यांचा एक घनयार्ड होतो, म्हणजे अर्धा यार्ड माती. घरी काट्यावर ०.१८ ग्रॅम भरलं. दीड गुंज! तेव्हा मी ग्रॅमला शंभर डॉलर धरले (नदीच्या सोन्यात चांदी असते, तेही लक्षात घ्या), अठरा डॉलर झाले. पेट्रोल साठचं आणि कंबर आठवडाभर धरलेली. काही कण रुपेरी दिसले तर ते जुन्या खाणकाऱ्यांच्या पाऱ्याने माखलेले असू शकतात. घरच्या गॅसवर मुळीच तापवू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.

कायद्यातच एक कसोटी आहे, १८९४ च्या एका निकालातली. एखादा शहाणा माणूस इथे आपले कष्ट आणि पैसा घालेल का? घालेल असं खनिज सापडलेलं नसेल, तर क्लेमला आधार नाही. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग या क्लेमला नाही, तुम्हालाच आधार नाही."

मी माघार घेतली. इसार परत मिळाला नाही, पावतीवर 'ना-परतावा' छापलेलं होतं आणि खाली माझी सही. तुम्ही पावती करत असाल तर एक ओळ घालून घ्या: नोंदी आणि नमुना तपासून समाधान झालं नाही तर रक्कम परत. आणि क्लेमच हवा असेल तर शेजारची जागा मोकळी आहे का बघा. ती स्वतः नोंदवायला काही शे डॉलर लागतात, साडेनऊ हजार नव्हे.

सध्या मी कोलोमाला जातो. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शलला जिथे सोनं दिसलं, त्याच्या पलीकडच्या काठावर हात आणि ताट एवढ्यावर सोनं धुवायला परवानगी आहे. नवीन ताट नेण्याआधी भांड्याच्या साबणाने घासून घ्या. तेलकट राहिलं तर बारीक सोनं पाण्यावर तरंगतं आणि डोळ्यांदेखत वाहून जातं.