सेशन अपलोड झालं, पण समोरच्याकडे उघडेना? या चुका टाळा

‘सेशन मिळालं, पण अर्धे ट्रॅक रिकामे दिसताहेत.’ गाण्याच्या रेकॉर्डिंगचं सेशन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं अख्खं प्रोजेक्ट, मिक्सला (सगळे आवाज जुळवायला) बसलेल्या माणसाला पाठवल्यावर त्याचा असा मेसेज आला की पाठवणारा आधी नेटला दोष देतो आणि सगळं पुन्हा अपलोडला लावतो. दुसऱ्यांदाही तेच होतं. जे फोल्डरमध्ये नव्हतंच, ते दहा वेळा चढवलं तरी पलीकडे कसं पोचणार?

प्रोजेक्टची फाइल म्हणजे गाणं नव्हे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोळ मिटतात. ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी असते. कुठला टेक (एका दमात रेकॉर्ड केलेला तुकडा) कुठून सुरू होतो, कुठे कापलाय, कुठला प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर) लावलाय, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. खरा आवाज वेगळ्या वेव्ह फाइलींमध्ये असतो आणि त्या कुठेही पडलेल्या असू शकतात: लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) डाउनलोड्समध्ये, कोरसचे टेक जुन्या हार्ड डिस्कवर, मित्राने पाठवलेली बासरी डेस्कटॉपवर. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत वाजतं, कारण सॉफ्टवेअरला ते पत्ते ठाऊक असतात. दुसऱ्याच्या मशीनवर त्या पत्त्यांवर काहीच नसतं.

त्यामुळे पाठवण्याआधी सगळा ऑडिओ एका फोल्डरमध्ये गोळा करायचा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी एबलटन लाइव्हमध्ये त्यासाठी ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे. प्रो टूल्समध्ये ‘सेव्ह कॉपी इन’ करताना सगळ्या ऑडिओ फाइलींवर टिक करायची असते आणि लोक नेमकी तीच विसरतात. क्यूबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’ आहे, तर रीपरच्या ‘सेव्ह अ‍ॅज’ खिडकीत सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय खाली दिसतो.

मग फोल्डरच्या आकारावर एक नजर टाका. २४ बिट (आवाजाच्या प्रत्येक नमुन्याची बारकाई), ४८ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ४८ हजार नमुने) मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याचे २४ ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरलेले असतील तर ८३० एमबीच्या आसपास, आणि बाजूला ठेवलेले टेक वेगळे. अशा गाण्याचं फोल्डर ९० एमबीचं दिसत असेल तर अपलोडचं बटण दाबूच नका. काहीतरी मागे राहिलंय.

समोरच्याकडे फाइली हरवलेल्या दिसल्याच, तर त्याने घाईघाईने ते सेशन सेव्ह करू नये. नुसतं बंद करावं. तुम्ही मूळ मशीनवर त्या फाइलींची नावं शोधा, तेवढ्याच पाठवा, आणि त्याला ऑडिओच्या फोल्डरमध्ये टाकून पुन्हा जोडून घ्यायला सांगा. सगळं सेशन परत चढवायची गरज क्वचितच पडते. प्रोजेक्टची फाइलच खराब झाली असेल तर आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमधला आपोआप सेव्ह झालेल्या जुन्या प्रतींचा फोल्डर उघडा. एबलटनमध्ये त्याचं नाव ‘बॅकअप’, प्रो टूल्समध्ये ‘सेशन फाइल बॅकअप्स’. कचरा समजून तो उडवणारे बरेच असतात.

सिंकला बॅकअप समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड, वनड्राइव्ह यांचं सिंक फोल्डर, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणारं फोल्डर, तुमच्या कामाची हुबेहूब नक्कल ठेवतं, चुकांसकट. इथे टेक डिलीट केला की तिथेही गेला. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यातही डिलीट केलेलं ३० दिवसांपर्यंत परत आणता येतं. पण गाण्याचं काम असं चालत नाही. आज ‘नको’ म्हणून काढलेला अंतरा गायकाला तीन महिन्यांनी आठवतो.

दुसरा सापळा आणखी चोरट्या पावलाने येतो. डिस्क भरत आली की ही सॉफ्टवेअर्स जागा वाचवण्यासाठी खरी फाइल फक्त क्लाउडवर ठेवतात आणि तुमच्याकडे नुसतं नाव आणि आयकॉन उरतो. फोल्डरमध्ये सगळं दिसतं. तुम्ही ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायला घेता आणि नेट नसेल तर कॉपी अर्ध्यातच अडते. चालू कामाच्या फोल्डरला ‘या डिव्हाइसवर कायम ठेवा’ अशी खूण आधीच करून ठेवा. मॅकवर आयक्लाउडमधला ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ हा पर्याय बंद आहे ना, तेही बघून घ्या.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ हा नियम इथे अगदी चपखल बसतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाउड ही त्यातली ‘दुसऱ्या जागची’ प्रत. एकमेव प्रत नव्हे. आणि गाणी ऐकवायच्या साइटवर चढवलेलं तर बॅकअपमध्ये धरूच नका. मायस्पेसवर २०१५ पर्यंत अपलोड झालेली लाखो गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे जगाला २०१९ मध्ये कळलं. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती, त्यांच्यापैकी बहुतेकांचं काम कायमचं गेलं.

सिंक चालू ठेवून रेकॉर्डिंग करणं

रेकॉर्डिंग चालू असताना फाइल क्षणाक्षणाला वाढत असते आणि सिंक तिला उचलायला धावतं. मग कधी आवाजात टक-टक येते, कधी सॉफ्टवेअर डिस्कच्या नावाने ओरडतं. रेकॉर्डिंग साध्या स्थानिक फोल्डरमध्ये करा आणि दिवसाचं काम संपल्यावर तिथून सिंकच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. सिंक ‘पॉज’ करूनही भागतं, पण पॉज केलेलं पुन्हा चालू करायला लोक हमखास विसरतात. म्हणून मला पहिलाच मार्ग बरा वाटतो.

एकाच सामायिक फोल्डरमधलं सेशन दोघांनी एका वेळी उघडणं हाही याचाच भाऊ. सेव्ह केल्यावर ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची दुसरी फाइल उगवते आणि कुणाची एडिटिंग कुठल्या फाइलमध्ये आहे याचा पत्ता लागत नाही. दोन्हींची सरमिसळ आपोआप होत नाही. काम हातात घेताना नाव बदलून नवी फाइल करा, पुढे तारीख आणि आपली आद्याक्षरं लावा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ या नावांनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

ट्रॅक सुटे पाठवताना

समोरच्याकडे तुमचं सॉफ्टवेअर नसेल तर सेशन पाठवून उपयोग नाही, सुटे वेव्ह ट्रॅक पाठवायचे. इथे पहिली चूक म्हणजे प्रत्येक फाइल आवाज जिथे सुरू होतो तिथून कापणं. मग दुसऱ्या कडव्यातली सतार नेमकी कुठे ठेवायची हे समोरच्याने अंदाजाने ठरवायचं? सगळे ट्रॅक एकाच शून्य बिंदूपासून काढा, सुरुवातीला दोन मिनिटं शांतता असली तरी चालेल.

दुसरी चूक सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याची. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलेली फाइल ४४.१ च्या सेशनमध्ये रूपांतर न करता वाजवली की गाणं संथ होतं आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर उतरते. काळी दोनमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन पडतं. गायकाचा आवाज अचानक जड आणि सुस्त वाटायला लागला तर प्लगइन चाळत बसण्याआधी हा आकडा तपासा. सॅम्पल रेट, बिट, टेम्पो आणि पट्टी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून सोबत टाका.

एमपी३ ऐकायला ठीक, कामाला नाही. दर्जा घटतो तो घटतोच, शिवाय एनकोडर (एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालतो, त्यामुळे तबला क्लिकच्या (ताल धरायच्या टिकटिकीच्या) मागे पडल्यासारखा वाटू शकतो. जागाच वाचवायची असेल तर फ्लॅक वापरा, आवाजाला धक्का न लागता फाइल बरीच लहान होते. मात्र ३२ बिट फ्लोटच्या (दशांश आकड्यांत आवाज साठवणाऱ्या) फाइली फ्लॅकमध्ये जशाच्या तशा बसत नाहीत, त्या वेव्हच राहू द्या. सॉफ्टवेअरमधली वाद्यं ऑडिओ करूनच पाठवा. तुमचा सिंथ समोरच्याकडे असेलच असं नाही.

डाउनलोड झालं, तरी फाइली कमी

गूगल ड्राइव्हवरून मोठं फोल्डर ब्राउझरने उतरवलं की त्याच्या अनेक झिप फाइली होतात आणि एकाच फोल्डरचा माल त्यांच्यात विखुरला जातो. लोक पहिली झिप उघडतात, प्रोजेक्टची फाइल दिसते आणि खूश होतात. सगळ्या झिप उतरल्यावर त्या एकाच जागी उघडायच्या. यातून सुटायचं तर पाठवणाऱ्यानेच एक झिप करून चढवावी. लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट मॅकवर एक फाइल दिसत असलं तरी बऱ्याचदा ते आतून फोल्डरच असतं, त्यामुळे त्याला तर झिप हवीच. फाइलींच्या नावात प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ, अपूर्णविराम नकोत, विंडोजला ते चालत नाहीत. लिंकची परवानगी दुसऱ्या खात्यातून किंवा खासगी विंडोतून उघडून पाहा, आणि काम संपलं की ती बंद करा.

वेळेचाही हिशोब ठेवा. १० एमबीपीएस अपलोडवर ८ जीबी चढायला पावणेदोन तासांहून जास्त लागतात, तेही स्पीड टिकला तर. लॅपटॉपचं झाकण मिटलं की अपलोड थांबतं. सिंकचा आयकॉन पूर्ण झाल्याची खूण दाखवेपर्यंत थांबा. मग तीच झिप दुसऱ्या मशीनवर उतरवा, मूळ हार्ड डिस्क काढलेली असताना सेशन उघडा आणि सुरुवात, मध्य, शेवट असे तीन तुकडे वाजवून पाहा. हे होईपर्यंत रेकॉर्डरमधलं कार्ड फॉरमॅट करू नका.